नळ, कुंपण आणि टँकर : घोडबंदर रोडवरील गृहसंकुले आणि मराठी साहित्यातील घर

मराठी नागर साहित्याचा इतिहास हा बव्हंशी मुंबईतील घरांच्या प्रकारांचा इतिहास आहे, असे विधान केले तर ते फारसे अतिशयोक्त ठरू नये. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) मधील गिरगावी चाळ, जयवंत दळवी यांच्या 'चक्र' (१९६३) मधील झोपडपट्टी, भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका' (१९६५) मधील नाका, जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकातील गिरणगावची खोली, ही ठिकाणे त्या त्या साहित्यकृतीला केवळ पार्श्वभूमी पुरवीत नाहीत. पात्रे एकमेकांना कोठे भेटणार, कोणाचे बोलणे कोणाच्या कानावर पडणार, भांडण कशावरून पेटणार आणि ते मिटवायला कोण येणार, हे सारे घराच्या रचनेने ठरविलेले असते. मराठी विनोदी लेखनाचा एक मोठा भाग चाळीच्या गॅलरीशिवाय संभवला नसता.

मात्र ज्या मध्यमवर्गाने हे साहित्य वाचले, त्याचा पत्ता गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बदलला. गिरगाव, दादर, परळ येथून तो प्रथम डोंबिवली, ठाणे, मुलुंड येथे आला आणि १९९०च्या दशकापासून पुढे सरकत घोडबंदर रोडवर पोहोचला. ठाण्यात २०१० साली ८४ वे आणि डोंबिवलीत २०१७ साली ९० वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, ही गोष्ट या स्थलांतराची सांस्कृतिक नोंदच मानावी लागेल. वाचक नव्या घरात राहावयास गेला. साहित्यातील घर मात्र बऱ्याच अंशी जुन्या जागीच राहिले. चाळीला पु. ल. लाभले तसे गृहसंकुलाला अद्याप कोणी लाभलेले नाही. असे का व्हावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखकांना या जीवनाचा पुरेसा अनुभव नाही, हे सोपे उत्तर येथे उपयोगी नाही, कारण आज लिहिणाऱ्यांपैकी आणि विशेषतः शिकविणाऱ्यांपैकी कितीतरी जण अशाच संकुलांत गृहकर्जाचे हप्ते फेडीत राहत आहेत. अडचण अनुभवाची नसून रूपबंधाची आहे, असे माझे म्हणणे आहे. आणि त्या अडचणीचे मूळ पाण्यात आहे.

रस्ता आणि त्याकाठची नगरे

माजिवड्याहून गायमुखाकडे निघाले की डाव्या हाताला येऊरचे डोंगर आणि उजव्या हाताला उल्हास नदीची खाडी, यांमधील निमुळत्या पट्टीतून घोडबंदर रोड जातो. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कावेसर, कासारवडवली, ओवळा, भाईंदरपाडा ही या पट्टीतील मूळ गावे व पाडे. खाडीच्या बाजूस कोलशेत आणि बाळकुम. नावे पुरेशी बोलकी आहेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या या भागात भातशेती होती, आगरी-कोळ्यांची गावे होती, डोंगराच्या कडेला आदिवासी पाडे होते. आणि स्वातंत्र्योत्तर काळात रासायनिक व औषधी कारखाने आले. १९८२ साली ठाणे महानगरपालिका स्थापन झाली. १९७६चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा महाराष्ट्राने २००७ साली रद्द केला. कारखाने एकामागून एक बंद झाले किंवा अन्यत्र गेले आणि त्यांच्या जमिनींवर, तसेच शेतजमिनींवर, तीस-चाळीस मजल्यांचे मनोरे उभे राहिले. हिरानंदानी इस्टेट, हिरानंदानी मेडोज, लोढा स्प्लेंडोरा, माजिवड्याची रुस्तमजी अर्बेनिया, कोलशेतची लोढा अमारा ही त्यांपैकी काही ठळक नावे. इस्टेट, मेडोज, पार्क ही शब्दसंपदा इंग्लंडच्या ग्रामीण भागातून आलेली आहे आणि तिच्या शेजारी बसथांब्यावर 'वाघबीळ' अशी पाटी उभी असते. एकाच जागेला लाभलेल्या या दोन नामावल्या कोणा भाषाभ्यासकाने स्वतंत्रपणे तपासाव्यात इतक्या मनोरंजक आहेत.

या संकुलांना नियोजित वसाहती म्हटले जाते आणि ते खोटे नाही. आतील रस्ते, झाडांच्या रांगा, पोडियम, वाहनतळ, क्लबहाऊस, पोहण्याचा तलाव, प्रसंगी शाळा व दुकाने, सारे नकाशावर आधी रेखलेले असते. डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ मार्गालगत वसलेल्या पलावात तर हजारो एकरांच्या नगराचेच नियोजन एका विकासकाने केले. घोडबंदर रोडची गोष्ट वेगळी आहे. येथे प्रत्येक संकुल आतून नियोजित आहे, पण दोन संकुलांच्या मधली जागा कोणाच्याच नकाशावर नाही. फाटकाच्या आत पाऊलवाटेवर गुळगुळीत फरशी आणि फाटकाबाहेर पदपथच नाही, हे दृश्य येथे पावलोपावली दिसते. नियोजन कुंपणाशी येऊन थांबते. या रस्त्यावरील वाहतूक कोंडीविषयी इतके बोलले गेले आहे की त्यात भर घालण्याचे कारण नाही.

'उद्याननगरी' ही कल्पना ज्यांच्या नावाशी निगडित आहे त्या एबनेझर हॉवर्ड यांनी १८९८ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९०३ पासून इंग्लंडमध्ये लेचवर्थ येथे तिचा पहिला प्रयोग सुरू झाला. हॉवर्ड यांच्या विचाराचा गाभा बागेत नव्हता. तो जमिनीच्या मालकीत होता. नगराची जमीन रहिवाशांच्या वतीने सामूहिक विश्वस्ताकडे राहावी आणि जमिनीचे वाढते मूल्य नगरालाच परत मिळावे, असे त्यांना अभिप्रेत होते. आपल्या संकुलांनी त्यांच्याकडून बाग घेतली आणि मालकीचा प्रश्न सोडून दिला. १९६३च्या मोफा कायद्यान्वये जमीन सोसायटीच्या नावे करून देणे विकासकावर बंधनकारक असले, तरी मोठ्या संकुलात शेवटचा टप्पा पूर्ण होईपर्यंत हे हस्तांतरण वर्षानुवर्षे लांबते, हा सर्वपरिचित अनुभव आहे. चाळीत भाडेकरू होता आणि त्याला ते ठाऊक होते. संकुलातील सदनिकाधारक मालक आहे. फक्त त्याच्या पायाखालील जमीन कोणाची, याचे उत्तर त्याला ठामपणे देता येत नाही. या अवस्थेत एक उत्तम विनोदी कादंबरी दडलेली आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

नळाचे साहित्य

'बटाट्याची चाळ'मधील 'उपास' हे प्रकरण रूपबंधाच्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. निवेदक वजन कमी करण्याचा संकल्प सोडतो, एवढेच त्यातील कथानक. विनोद निर्माण होतो तो हा संकल्प खाजगी राहू शकत नाही यातून. चाळीतील प्रत्येकाला त्याच्या आहाराविषयी मत आहे, अधिकार आहे आणि ते मत सांगावयास घरात येण्याची मुभाही आहे. 'सांस्कृतिक चळवळ' आणि 'भ्रमणमंडळ' या प्रकरणांतही व्यक्तीपेक्षा समूहच पात्र होऊन येतो. हा समूह कशाने बांधलेला आहे? आपुलकीने, असे उत्तर आपण सवयीने देतो. माझ्या मते तो प्रथम नळाने, गॅलरीने आणि सामायिक शौचकूपाने बांधलेला आहे. आपुलकी नंतर येते, पुष्कळदा येतही नाही. एका नळावर पाणी भरावयाचे असल्यामुळे माणसांना एकमेकांची वेळ, स्वभाव आणि हांड्यांची संख्या माहीत असणे भागच होते. या सक्तीच्या परिचयातूनच चाळीच्या साहित्यातील 'आम्ही' हे सर्वनाम जन्मले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. चाळीविषयीच्या स्मरणरंजनाने मराठीत पुरेसे नुकसान केलेले आहे. नळावरच्या रांगेत पहाटे उभ्या असणाऱ्या स्त्रियांना त्या 'आम्ही'ची किंमत मोजावी लागत होती आणि ती त्यांनी लिहून ठेवण्यास बराच काळ जावा लागला. शिवाय सामायिक पाणी आपल्या समाजात कधीच निरागस नव्हते. १९२७चा महाडचा सत्याग्रह पाण्यासाठीच झाला. बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेत डोक्यावर छप्पर मिळविण्यासाठी नायकाला आपली जात लपवावी लागते. ही कथा 'बटाट्याची चाळ'नंतर पाच वर्षांनी प्रसिद्ध झाली. दोन्ही पुस्तके एकाच अभ्यासक्रमात शेजारी ठेवून शिकविली, तर 'आम्ही' या शब्दाच्या मर्यादा विद्यार्थ्यांच्या ध्यानी येतात. संकुलात जात विचारली जात नाही, असे म्हणण्याची पद्धत आहे. सदनिकेचा दर, स्वयंपाकघराविषयीच्या अटी आणि आडनाव यांच्या साहाय्याने ती न विचारताही कळू शकते, एवढेच येथे नोंदवितो.

उपनगरी मराठी साहित्याला समूहाचे दुसरे ठिकाण लाभले ते लोकलचा डबा. शं. ना. नवरे, पु. भा. भावे यांच्यासारखे लेखक डोंबिवलीत राहिले आणि डोंबिवलीकर ही एक सांस्कृतिक ओळख बनली, ती स्थानकाच्या आसऱ्याने. निशिकांत कामत यांच्या 'डोंबिवली फास्ट' (२००५) या चित्रपटाचे नावच गाडीचे आहे. संदीप कुलकर्णी यांनी साकारलेला माधव आपटे हा बँकेतील नोकरदार. घर, स्थानक, डबा, कचेरी या क्रमाची पुनरावृत्ती आरंभीच दाखवून चित्रपट आपल्याला त्याच्या संतापापर्यंत आणतो. आपटे बॅट घेऊन रस्त्यावर उतरतो, कारण त्याला अजून रस्ता आपला वाटतो. सार्वजनिक जागेत अन्याय होतो आहे आणि तेथे जाब विचारता येतो, असा त्याचा विश्वास आहे. तो विश्वास भाबडा असेल. पण तो चाळीतून आलेल्या माणसाचा आहे.

घोडबंदर रोडला रेल्वे नाही. कासारवडवलीच्या रहिवाशाला सर्वांत जवळचे स्थानक ठाणे, आणि ते दहाएक किलोमीटर दूर. नळ घरात गेला, गाडी वाहनतळात गेली, वाऱ्यासाठी गॅलरीत बसण्याचे कारण वातानुकूलनाने संपविले. लिफ्टमध्ये भेट होते ती तीस सेकंदांची आणि त्यातही नजर मजल्यांच्या आकड्यांवर असते. 'उपास'चा नायक येथे राहत असता तर त्याचे वजन कोणाच्याही नकळत कमी झाले असते आणि प्रकरण तेथेच संपले असते. रूपबंधाची अडचण म्हणतो ती हीच. परस्परसंबंध घडविणारी साधने भिंतीत, जमिनीखाली आणि गच्चीवरील टाकीत लपविली गेली. ती नाहीशी झाली, असे मात्र नाही.

टँकरचे दोन टोकांचे प्रवास

ठाणे जिल्ह्यात पावसाचे सरासरी मान सुमारे २,५०० मिलिमीटर आहे. ठाणे शहराला तलावांचे शहर म्हणतात. कावेसर व कासारवडवली येथे आजही तलाव आहेत. तरीही २०१७ साली घोडबंदर परिसरातील अपुऱ्या पाणीपुरवठ्याच्या कारणावरून मुंबई उच्च न्यायालयाला तेथील नव्या बांधकामांच्या परवानग्या रोखाव्या लागल्या. पुढे ही मनाई उठली आणि बांधकामे सुरू राहिली. ज्या संकुलाच्या माहितीपत्रकावर कारंजे छापलेले असते, त्याच्या मागच्या फाटकाशी उन्हाळ्यात सकाळी टँकरची रांग लागते. १९६० साली अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटात सन सिटी ही निवृत्तांची नियोजित वसाहत उघडली, तेव्हा हिरवळ आणि गोल्फचे मैदान हेच तिचे आकर्षण होते. वाळवंटात हिरवळ राखणे हा निदान उघड हट्ट आहे. घोडबंदर रोडवर अडीच मीटर पाऊस पडणाऱ्या जमिनीवर आपण वाळवंटाचे अर्थकारण उभे केले, हे अधिक विलक्षण होय.

ठाण्याचे पाणी येते ते मुख्यतः भातसा आणि उल्हास या नद्यांतून, शहराचे स्वतःचे उद्भव, स्टेम प्राधिकरण, औद्योगिक विकास महामंडळ आणि मुंबई महानगरपालिका अशा निरनिराळ्या व्यवस्थांमार्फत. यांतील भातसा धरण शहापूर तालुक्यात आहे. मुंबईसाठी १८९२ साली बांधलेले तानसा धरणही त्याच तालुक्यात. याच शहापूर तालुक्यातील अनेक गावपाड्यांना दर उन्हाळ्यात शासनाला टँकर पाठवावे लागतात, ही बातमी इतकी नियमित आहे की वृत्तपत्रे ती आता आतल्या पानावर छापतात. वाढत्या नगरांसाठी मुरबाड तालुक्यात काळू नदीवर धरणाचे काम सुरू झाले. ते वनविषयक परवानग्यांच्या प्रश्नावरून २०१२ साली न्यायालयात थांबले. म्हणजे जलवाहिनीच्या दोन्ही टोकांना टँकर उभा आहे. एका टोकाला तो हंड्यांच्या गराड्यात रिकामा होतो, दुसऱ्या टोकाला भूमिगत टाकीत, कोणाच्या दृष्टीस न पडता.

या प्रवासाच्या वरच्या टोकाची कादंबरी मराठीत आहे. विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती'ने (१९९१) धरणग्रस्तांचे जगणे मराठी वाचकापुढे ठेवले आणि १९९२ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ग्रामीण साहित्य म्हणून आपण ती शिकवितो. ज्या नळासाठी ते गाव उठले, तो नळ मात्र नागर साहित्याच्या प्रश्नपत्रिकेत असतो. ग्रामीण आणि नागर या आपल्या वाङ्मयप्रकारांच्या वर्गवारीनेच जलवाहिनी मध्यभागी तोडली आहे. धरणाच्या बुडीत क्षेत्रातील बाई आणि विसाव्या मजल्यावरील बाई एका कादंबरीत येणे मराठीत अवघड का, याचे एक कारण आपल्या विभागांच्या वेळापत्रकात सापडेल.

ही वर्गवारी ओलांडण्याचे धाडस ज्याने केले तो चित्रपट समीक्षकांनी फारसा गंभीरपणे घेतलेला नाही. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'झोंबिवली' (२०२२) हा झोंबींचा चित्रपट. गर्भवती पत्नीसह सुधीर (अमेय वाघ) डोंबिवलीतील चकचकीत संकुलात राहावयास येतो. भिंतीपलीकडे झोपडपट्टी आहे. बाटलीबंद पाण्याच्या धंद्यातून संसर्ग पसरतो आणि वसाहतीचे फाटक निरुपयोगी होते. भयपटाच्या सोंगाखाली चित्रपटाने तीन गोष्टी अचूक ओळखल्या आहेत. संकुलाचा विषय पाणी हाच आहे. संकुलाची गोष्ट भिंतीच्या एकाच बाजूला राहून सांगता येत नाही. आणि घरकामास येणारी बाई, वॉचमन, टँकरचालक ही माणसेच दोन्ही बाजूंमधून ये-जा करतात. 'डोंबिवली फास्ट' आणि 'झोंबिवली' यांच्यामध्ये सतरा वर्षांचे अंतर आहे. तेवढ्या काळात कथेचे केंद्र गाडीतून फाटकाशी आले, हा बदल दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिल्यास स्पष्ट दिसतो.

तथापि 'झोंबिवली' मध्येच थांबतो. त्याला दोषी माणूस हवा असतो आणि तो पाण्याच्या कंपनीच्या रूपाने मिळतो. एकदा खलनायक ठरला की संकुलातील रहिवासी निर्दोष होतात आणि शेवटी झोपडपट्टीशी हातमिळवणी करून शूरही ठरतात. प्रत्यक्षात टँकरचे पाणी घेण्याचा निर्णय कोणी दुष्ट मनुष्य घेत नाही. तो सोसायटीच्या व्यवस्थापक समितीत सर्वानुमते होतो, त्यात सेवानिवृत्त मुख्याध्यापक असतात, तुमच्या-आमच्यासारखे प्राध्यापक असतात आणि पर्यायही खरोखरच नसतो. जे. जी. बॅलार्ड यांच्या 'हाय-राइज' (१९७५) या इंग्रजी कादंबरीत मनोऱ्यातील वरच्या-खालच्या मजल्यांचे युद्ध पेटते ते बाहेरच्या खलनायकावाचून; इमारतच माणसांना तसे वागावयास शिकविते. ही निर्वैयक्तिकता 'झोंबिवली'ला पेललेली नाही. नवल असे की ती पु. लं.ना पेलली होती. त्यांच्या चाळीत कोणी खलपुरुष नाही. जे घडते ते सर्वांच्या सदिच्छेने घडते. फरक इतकाच की तेथे त्याचा परिणाम हास्यास्पद होई, येथे तो शहापुरात जाऊन पोहोचतो.

हा प्रश्न केवळ समीक्षेच्या कुतूहलाचा नाही. ठाणे-कल्याण पट्ट्यातील महाविद्यालयांत मराठीच्या वर्गात आज संकुलातील मुलगी, तिच्या घरी काम करणाऱ्या बाईचा मुलगा आणि शहापूर-मुरबाडकडून लोकलने येणारा विद्यार्थी एका बाकावर बसू शकतात. अभ्यासक्रमातील घर या तिघांपैकी कोणाचेच नसते. पहिलीला चाळ ही आजोबांची गोष्ट वाटते. उरलेल्या दोघांना आपली गोष्ट 'ग्रामीण' किंवा 'दलित' या निराळ्या पत्रिकेत शोधावी लागते. तिघांना एकत्र आणणारी वस्तू वर्गात रोज असते. ती म्हणजे पाण्याची बाटली.

नव्या रूपबंधाविषयी भाकीत करणे हे समीक्षकाचे काम नव्हे, पण एक शक्यता सुचवावीशी वाटते. चाळीच्या साहित्याने गप्पांचा आणि कीर्तनाचा घाट वापरला, कारण ती चाळीची भाषा होती. संकुलाचीही स्वतःची मराठी आहे आणि ती सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात आढळते: "सभेपुढे विषय ठेवण्यात आला", "सविस्तर चर्चेअंती", "सूचक" आणि "अनुमोदक". या अवजड, कर्त्याला दडविणाऱ्या कर्मणी वाक्यरचनेत एक संपूर्ण समाज आपले निर्णय लिहून ठेवीत असतो. १९६०च्या सहकारी संस्था अधिनियमाने मराठी मध्यमवर्गाला दिलेला हा एकमेव सक्तीचा लेखनप्रकार आहे आणि त्यात 'आम्ही' हे सर्वनाम एका विचित्र रूपाने परत आलेले आहे. इतिवृत्तासोबत जमाखर्चाचे पत्रक जोडलेले असते. त्यात टँकरच्या फेऱ्यांची संख्या असते, दर असतो, ठेकेदाराचे नाव असते. पाणी कोठे भरले, याचा रकाना नसतो.